‘पॅस्टोरल’चे तीन अर्थ आणि हरवलेला मेंढपाळ

कोणत्याही मोठ्या शोध-डेटाबेसमध्ये ‘पॅस्टोरल’ हा एकच शब्द टाकून बघा. निकालांचे तीन ढीग पडतात. पहिल्या ढिगात चर्च असतं: बिशपांची पत्रं, मंडळीची देखभाल, रुग्णालयात आजाऱ्यांना धीर देणारे धर्मसेवक. दुसऱ्यात कविता असते: थिओक्रिटस, व्हर्जिल, मिल्टन, झाडाखाली बसून पावा वाजवणारे गुराखी. तिसऱ्यात जमीन असते: हेक्टर, चारा, पाणवठे, स्थलांतराचे नकाशे, केनिया, मंगोलिया, राजस्थान आणि आपल्याकडचे धनगर. या तीन ढिगांतले अभ्यासक एकमेकांचं क्वचितच वाचतात.

मग सिनॉप्सिस लिहिताना आपण काय करतो? पहिल्या प्रकरणात ‘संकल्पना-स्पष्टीकरण’ असं उपशीर्षक देतो, कोशातले तीन अर्थ एकाखाली एक मांडतो, ‘प्रस्तुत संशोधनात यांपैकी दुसरा अर्थ अभिप्रेत आहे’ असं वाक्य टाकतो आणि पुढे सरकतो. आरआरसीसमोर हे चालूनही जातं.

पण त्यात नुकसान आहे, आणि ते कसं होतं हे या लेखात दाखवायचंय. माझं म्हणणं थोडक्यात असं: हे तीन अर्थ म्हणजे एकाच माणसाकडे तीन ठिकाणांहून पाहणं आहे. चर्च त्याच्याकडून अधिकाराची भाषा घेतं, कविता त्याच्याकडून निवांतपणा घेते, आणि जमिनीचा कारभार त्याच्याकडून गवत घेतो. तिन्ही वेळा प्रत्यक्ष मेंढ्या राखणारा माणूस चित्रातून निसटतो. एकच अर्थ निवडलात, तर तो का निसटला हे तुम्हाला दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, त्यामुळे या विषयाकडे वळणारे बरेच जण असतील. त्यांनी सुरुवातीलाच या गोष्टीचा विचार करावा.

आधी तिन्ही अर्थ नीट समजून घेऊ, मग व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर ते लावून बघू.

पाळक: काठी कोणाच्या हातात?

लॅटिनमध्ये ‘पास्तोर’ म्हणजे चारणारा, मेंढपाळ. ज्या क्रियापदापासून तो शब्द आला, त्याचा अर्थ चारणं, खाऊ घालणं. इंग्रजीतला कुरणाचा शब्द आणि धर्मगुरूचा शब्द दोन्ही याच घरातले. मराठी प्रोटेस्टंट मंडळी आपल्या धर्मसेवकाला ‘पाळक’ म्हणतात. ‘मेंढपाळ’ आणि ‘पाळक’ या दोन्ही शब्दांत तोच ‘पाळ’ आहे, म्हणजे मूळचा धागा मराठीतही शाबूत राहिला. आणखी एक गंमत बघा. मराठीत जनावर पाळतात आणि आज्ञाही पाळतात. सांभाळणं आणि ऐकणं ही एकाच क्रियापदाची दोन टोकं आहेत. पुढचा सगळा वाद या दोन टोकांमधलाच आहे.

बायबलमध्ये ही प्रतिमा सर्वत्र आहे. तेविसाव्या स्तोत्रात देव मेंढपाळ आहे, योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो. बिशपच्या हातातल्या दंडाचं वळलेलं टोक मेंढपाळाच्या आकडीवरून आलेलं मानतात. पोप पहिले ग्रेगरी यांनी इसवी सन ५९० च्या सुमारास बिशपांसाठी जे मार्गदर्शनपर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच हा शब्द आहे. पण परंपरेच्या आतच या प्रतिमेची कडक तपासणीही आहे. यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायात स्वतःचंच पोट भरणाऱ्या आणि कळपाला उपाशी ठेवणाऱ्या मेंढपाळांना देवानं फैलावर घेतलंय. धर्मसत्तेवर टीका करणाऱ्यांनी पुढे शेकडो वर्षं हीच भाषा वापरली.

समाजशास्त्राच्या किंवा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा अर्थ बहुतेक वेळा मिशेल फूको यांच्यामुळे भेटतो. १९७७-७८ च्या व्याख्यानांत त्यांनी ‘मेंढपाळी सत्ता’ अशी कल्पना मांडली. त्यांचे तीन मुद्दे लक्षात ठेवा. ही सत्ता जमिनीच्या तुकड्यावर चालत नाही, चालत्या कळपावर चालते. तिचं समर्थन ‘तुमच्या भल्यासाठी’ या शब्दांत होतं. आणि ती एकाच वेळी सगळ्या कळपाकडे आणि एकेका मेंढरावर लक्ष ठेवते. आजच्या सरकारी नोंदी, हजेरीपट, आरोग्यपत्रकं यांत फूको यांना त्याच सत्तेचा वारसा दिसतो.

ही मांडणी ताकदीची आहे, पण तिचं एक वैगुण्य सांगायला हवं. फूको मेंढपाळाविषयी बोलतात, पण तो पूर्णपणे ग्रंथांतला मेंढपाळ आहे. खरा मेंढपाळ कोकरं विकतो. दख्खनी मेंढीची लोकर भरड, तिची घोंगडी होतात, पण आज कळपाचं उत्पन्न मुख्यतः मांसासाठी विकल्या जाणाऱ्या कोकरांवर चालतं. सांभाळणं आणि विकणं हे दोन्ही त्याच्या धंद्यात रोज शेजारी असतात. धर्माच्या रूपकात सांभाळणं उरतं, बाजार गळून जातो. रूपक वापरताना काय गाळलं गेलं, हे विचारणं समीक्षकाचं काम आहे.

कविता: पाहतंय कोण?

साहित्यातला ‘पॅस्टोरल’ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात थिओक्रिटसपासून सुरू होतो असं शिकवतात. सिसिलीतले गुराखी त्याच्या कवितेत गाण्याची स्पर्धा लावतात, आणि ऐकणारा वाचक अलेक्झांड्रियासारख्या शहरातला, दरबारातला असतो. हा प्रकार गुराख्यांविषयी असला तरी गुराख्यांसाठी नव्हता. अठराव्या शतकात अलेक्झांडर पोपनं तर उघडच म्हटलं की मेंढपाळाच्या आयुष्यातली चांगली बाजू तेवढी दाखवावी आणि हाल झाकावेत.

म्हणून ‘पॅस्टोरल म्हणजे गावाचं सुंदर वर्णन’ ही व्याख्या परीक्षेपुरती ठीक आहे, संशोधनाला पुरत नाही. तीन कविता घेऊन बघा.

व्हर्जिलच्या ‘एक्लॉग्ज’मधली पहिलीच कविता. यादवी युद्धानंतर सैनिकांना इनाम द्यायला इटलीत जमिनी काढून घेतल्या जात होत्या. कवितेत एक गुराखी झाडाच्या सावलीत निवांत आहे, कारण त्याची जमीन वाचली. दुसरा शेळ्या हाकत देशोधडीला चाललाय, कारण त्याची गेली. युरोपातल्या सगळ्या सावल्या आणि पावे जिथून पुढे आले, त्या कवितेतच विस्थापन आहे.

मिल्टनची ‘लिसिडस’, १६३७. बुडून मेलेल्या मित्रावरचा हा शोक मेंढपाळांच्या वेशात मांडलाय. मध्येच संत पीटर येतो आणि कळपाला उपाशी ठेवणाऱ्या धर्मगुरूंवर तुटून पडतो. यहेज्केलची तीच तक्रार. म्हणजे साहित्याचा अर्थ आणि चर्चचा अर्थ एकाच कवितेत एकमेकांत मिसळलेत. ‘इथे दुसरा अर्थ अभिप्रेत आहे’ असं लिहिणाऱ्यानं ही कविता कशी वाचायची?

वर्ड्सवर्थची ‘मायकेल’, १८००. उपशीर्षकच ‘पॅस्टोरल कविता’ असं. म्हातारा मेंढपाळ पुतण्याला जामीन राहिलेला असतो, त्यापायी जमीन धोक्यात येते. ती वाचवायला तो मुलाला शहरात पाठवतो. मुलगा हातचा जातो, मेंढवाड्याची भिंत अर्धीच राहते, म्हाताऱ्यानंतर जमीनही परक्या हातात जाते. कवितेचा कणाच जमिनीची मालकी हा आहे.

समीक्षेतले दोन मोठे टप्पे तुम्हाला माहीत हवेत. विल्यम एम्प्सन यांनी १९३५ मध्ये ‘पॅस्टोरल’ची व्याख्या फार रुंद केली: गुंतागुंतीचं काही साध्या माणसांच्या तोंडून मांडणं. यामुळे कामगारांचं साहित्य, अगदी ‘अ‍ॅलिस’सुद्धा यात आलं. फायदा मोठा, पण मेंढ्या गायब. रेमंड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये ‘द कंट्री अँड द सिटी’ लिहून त्या परत आणल्या. सर फिलिप सिडनीनं ‘आर्केडिया’ ज्या रम्य उद्यानात लिहिली, ते एक अख्खं गाव कुंपणात घेऊन, कुळांना हुसकावून तयार झालं होतं, याची आठवण त्यांनी करून दिली. ‘पूर्वी गावं चांगली होती’ हे प्रत्येक पिढी म्हणते आणि ते ‘पूर्वी’ दर वेळी आणखी मागे सरकतं, हाही त्यांचाच मुद्दा. आपल्याकडच्या आठवणीपर लेखनावर तो लगेच बसतो.

पण विल्यम्स जसेच्या तसे उचलू नका. याचं कारण तिसऱ्या अर्थात आहे.

कुरण: गवत कोणाचं?

इंग्लंडमध्ये कुंपणं पडली त्यामागे लोकर हे मोठं कारण होतं. टॉमस मूरनं १५१६ मध्ये ‘युटोपिया’त टोमणा मारला की इथली मेंढरं आता माणसं खाऊ लागलीत. तिथे मेंढी हे जमीनदाराचं भांडवल होतं. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांसाठी प्रचंड क्षेत्रं भाडेपट्ट्यानं दिली गेली आणि मूळ रहिवासी हटवले गेले. त्या पट्ट्यांना ‘पॅस्टोरल लीज’ म्हणतात. त्यांमुळे मूळ रहिवाशांचा हक्क आपोआप संपत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला १९९६ च्या विक खटल्यात सांगावं लागलं. तिथे ‘पॅस्टोरलिस्ट’ म्हणजे हजारो मेंढ्यांचा पट्टेदार. केनियात किंवा महाराष्ट्रात तोच शब्द फिरत्या, बहुधा अल्प साधनांच्या पशुपालकाला लागतो. एकच शब्द, आणि कुंपण घालणारा एकीकडे, कुंपणाबाहेर राहिलेला दुसरीकडे. विल्यम्सचं विश्लेषण पहिल्या परिस्थितीतून आलंय. दख्खनवर ते लावायचं तर ‘मेंढ्या कोणाच्या?’ हा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

दख्खनमध्ये काय आहे? माणदेश, जत, आटपाडी, पारनेर हा पर्जन्यछायेचा पट्टा. पावसाळ्यात मेंढपाळ घराजवळच्या माळावर असतात. दिवाळीच्या आसपास वाडे बाहेर पडतात, काही कोकणाकडे उतरतात, काही पूर्वेकडे जातात. ‘वाडा’ म्हणजे इथे चिरेबंदी घर नव्हे, एकत्र फिरणाऱ्या बिऱ्हाडांचा आणि कळपांचा तळ. पीक निघालेल्या रानात मेंढ्या बसवायच्या, शेताला लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी धनगरांच्या पोटसमूहांचा जो अभ्यास केला, त्यातून दिसतं की मेंढ्यावाले आणि घाटमाथ्यावरचे म्हशी राखणारे गवळी धनगर वेगवेगळ्या परिसरांवर जगत आले. गुंथर सोन्थायमर यांचं बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांवरचं काम याच वाटांवरून गेलेलं आहे. त्यांच्या ग्रंथाच्या इंग्रजी नावात ‘पॅस्टोरल’ हा शब्द दैवतांना लावलाय. तिथे ना चर्च आहे ना निवांत कविता. पशुपालकांची दैवतं, एवढा सरळ अर्थ. हे नाव भाषांतरित करताना ‘ग्रामीण दैवतं’ लिहिलंत, तर अख्खा ग्रंथ चुकतो.

आता सरकारी आकडे. आपल्याकडे जमीन-वापराची नऊ भागांत वर्गवारी करतात. त्यात ‘कायमची कुरणे व इतर चराऊ जमिनी’ असा एक रकाना आहे आणि देशभरात त्यात सुमारे १ कोटी हेक्टर जमीन दिसते. पशुपालनावर लिहिणारा विद्यार्थी हाच आकडा उचलतो. पण वाड्याचं वर्ष आठवा. कळप पावसाळ्यात ‘लागवडयोग्य पडीक’वर असतो, मग ‘जंगल’च्या कडेनं जातो, मग ‘निव्वळ पेरणी क्षेत्रा’त, म्हणजे कापणी झालेल्या शेतात बसतो. तो नऊपैकी बहुतेक रकान्यांतून चालत जातो, आणि नोंद मात्र एकाच रकान्यात शोधली जाते. फूकोंचं वाक्य इथे उलटून येतं: चालत्या कळपाची काळजी घेणारी सत्ता म्हणून राज्याचं वर्णन करायचं, आणि त्याच राज्याला चालता कळप मात्र मोजता येत नाही.

यापुढचं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आदर्श गाव योजनेची पंचसूत्री: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. हिवरे बाजारसारख्या गावात मोकाट चराई थांबल्यावर गवत वाढलं, पाणी मुरलं, हे नाकारायचं कारण नाही. गवत कापून न्यायची सोयही तिथे झाली. पण शब्दांकडे बघा. युरोपच्या कवितेत आदर्श जागेची खूण मेंढपाळ ही होती. आपल्या आदर्श गावात तोच बंदीच्या यादीत आहे. कापलेलं गवत गोठ्यातल्या गाईला पुरतं. चालत्या कळपाला ते कोण नेऊन देणार? योजनेवर लिहिलेल्या प्रबंधात मला हा प्रश्न विचारलेला बघायला आवडेल.

चराईबंदीच्या पाठीशी बहुधा गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा ‘ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स’ हा लेख असतो, वाचलेला असो वा नसो. त्यातलं सर्वांना खुलं असलेलं कुरण हे लेखकानं कल्पिलेलं उदाहरण आहे. म्हणजे तेही एक प्रकारे साहित्यच, त्यात पावा वाजवणाऱ्या गुराख्याऐवजी हावरा गुराखी आहे. नियम नसलेलं कुरण आणि सामाईक कुरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक स्वतः नियम करून सामाईक साधनं टिकवतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात अनेक देशांतल्या प्रत्यक्ष उदाहरणांवरून दाखवलं. पुढे २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कायद्यातही थोडी जागा झालीय: २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समूहांच्या हंगामी वापराचा आणि चराईचा हक्क स्पष्ट नोंदवलाय. तो वाड्यापर्यंत किती पोचला, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

‘बनगरवाडी’: तिन्ही अर्थ एका वाडीत

‘बनगरवाडी’ १९५५ ची. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर मेंढपाळांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो आणि तोच गोष्ट सांगतो. बहुतेक प्रबंध तिला ‘ग्रामीण’ किंवा ‘प्रादेशिक’ कादंबरी म्हणतात. काही ‘पॅस्टोरल’ही म्हणतात आणि त्याचा अर्थ साधी माणसं, उघडा माळ, संथ लय एवढाच घेतात. आता तिन्ही प्रश्न लावून बघू.

पाहतंय कोण? नोकरीवर आलेला, पगारी, लिहिता-वाचता, बाहेरचा माणूस. हे साहित्यातल्या ‘पॅस्टोरल’चं मूळ लक्षणच. पण माडगूळकर त्याला फार काळ नुसता पाहणारा राहू देत नाहीत. वाडी त्याला कामाला लावते, त्याच्याकडून अडलेली कामं करून घेते, आपल्या भांडणांत आणि व्यवहारांत ओढते. पाहणाऱ्यालाच पाहिलं जातं, जोखलं जातं. पोपच्या नियमाप्रमाणे हाल झाकायचा प्रयत्न इथे नाही.

काठी कोणाच्या हातात? मास्तर हा वाडीचा एक प्रकारे पाळक आहे. मुलं गोळा करणं, हजेरी, सल्ला, मध्यस्थी, शेवटी सगळ्यांना एकत्र आणून तालीम बांधून घेणं आणि तिच्यासाठी राजेसाहेबांना वाडीवर आणणं. अहमदनगर भागातल्या मिशनच्या खेड्यांत शाळा आणि प्रार्थना एकाच माणसाकडे असायची, हे आठवलं तर मास्तर आणि पाळक ही जोडी मराठीत ओढूनताणून आणलेली वाटणार नाही. ‘तुमच्या भल्यासाठी’ ही भाषा मास्तरची आहेच. पण वाडीला आधीचा एक पाळक आहे, म्हातारा कारभारी. त्याच्या संमतीशिवाय मास्तरचं पान हलत नाही. दोन प्रकारच्या राखणीतला हा ताण आणि समजूतदारपणा ‘ग्रामीण’ या लेबलाखाली दिसत नाही.

गवत कोणाचं? कादंबरीच्या सुरुवातीला शाळा बंद पडलेली असते, कारण मुलं मेंढरांमागे जातात. याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पण शाळेला एका जागी बसलेलं मूल लागतं आणि मेंढीला चालणारं. जमिनीच्या वापरातला तिढा हजेरीपटावर उमटलाय. इंग्रजी अनुवादाचं नाव ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ असं आहे. नाव ठेवताना काहीही मनात असो, इंग्लंडच्या कुंपणांच्या इतिहासाशेजारी ठेवलं की ते फार बोलकं होतं.

आणि शेवट. दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं निघून जातात, वाडी ओस पडते. ‘गावाची शोकांतिका’ असा त्याचा नेहमीचा अर्थ लावतात. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. ओस पडलेली वाडी हा शेवट कोणाच्या नजरेत आहे? एका जागी शाळा चालवण्यासाठी आलेल्या मास्तरच्या. मेंढपाळासाठी कोरड्या वर्षी चालू लागणं हा हजारदा वापरलेला उपाय आहे. कथनाला तो उपाय दिसत नाही असं नाही, पण कथन वाटेवर जात नाही, रिकाम्या घरांपाशी थांबतं. इथे लगेच उलट टोकाला जाऊन ‘ते तर नेहमीचंच स्थलांतर’ असंही म्हणू नका. ठरलेल्या वाटेनं हंगामी निघणं वेगळं आणि कळप मेल्यावर पोटासाठी पांगणं वेगळं. कादंबरीतलं दुसरं आहे. पण या दोन्हींतला फरक तुम्हाला तेव्हाच मांडता येतो, जेव्हा तिसरा अर्थ तुमच्या हातात असतो. नाहीतर दुष्काळ नुसता ‘निसर्गाचा कोप’ होतो, माळ कोणाचा, पाणी कोणाचं, वाट कुठे अडली, हे प्रश्न उठतच नाहीत.

याला मर्यादा कुठे?

तुमचे गाइड विचारतील: रुग्णालयातल्या धर्मसेवकांच्या समुपदेशनावर काम करणाऱ्यानं मेंढ्या कशाला मोजायच्या? बरोबर आहे, नकोत. रूपक जुनं झालं की ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. तिन्ही अर्थ सगळीकडे कोंबायचे नाहीत. ज्या मजकुरात प्रत्यक्ष राखणारा, कळप किंवा गवत आहे, तिथे मात्र एकच अर्थ निवडण्याची सवलत घेऊ नये.

दुसरी मर्यादा अशी की मेंढपाळ परत आणायचा म्हणजे त्याला नवा निष्पाप नायक करायचं नाही. गायरानाचंच बघा. मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरानं कसली, त्यासाठी लढे दिले. चराईच्या हक्काची बाजू घेताना त्या लढ्याला ‘अतिक्रमण’ म्हणून मोकळं होता येत नाही. गवतावर एकाहून जास्त हक्क असतात, आणि प्रबंधानं ते सगळे मांडायचे असतात. तसंच, गवळणी आणि गोपाळकाला यांना घाईनं ‘मराठी पॅस्टोरल’ म्हणू नका. तिथे गुराखी आणि देव एकाच पंगतीत आहेत, शहरातून पाहणारा तिसरा माणूस नाही. साम्य दाखवायचं तर हा फरक आधी नोंदवा.

सिनॉप्सिस लिहिताना

तीन गोष्टी करा. एक, ‘संकल्पना-स्पष्टीकरण’मध्ये अर्थांची यादी देऊ नका. राखणारा कोण, पाहणारा कोण, गवत कोणाचं, हे तीन प्रश्न लिहा आणि तुमच्या मजकुरात प्रत्येकाचं उत्तर कोणत्या पानावर मिळतं ते सांगा. दोन, मराठी पर्याय अर्थानुसार वेगळा ठेवा: चर्चसाठी ‘पाळकीय’, जमिनीसाठी ‘पशुपालक’ किंवा ‘चराऊ’, कवितेसाठी ‘गोपकाव्य’ किंवा सरळ ‘पॅस्टोरल’. ‘ग्रामीण’ हा पर्याय तिन्हींपैकी कशालाही नको. गाव आणि वाडा या वेगळ्या गोष्टी आहेत. तीन, शेजारच्या ढिगातला निदान एक ग्रंथ नीट वाचा, नुसता संदर्भसूचीत घालू नका.

असं वाचून काय मिळतं, याचं एक ताजं उदाहरण. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी ग्रंथांतले, ओव्यांतले आणि कथांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं म्हणजे तोडून उजाड झालेलं जंगल, असा समज आहे. या उल्लेखांतून उलट दिसलं: काटेरी झाडं आणि गवत यांचा हा मुलूख किमान ७५० वर्षं असाच आहे. ओवीतला उल्लेख क्षेत्रफळ सांगत नाही, ही मर्यादा आहेच. पण ‘पडीक’ ठरवून झाडं लावायला निघालेल्या माळावर साहित्याचा पुरावा उभा राहिला, आणि तो मांडायला साहित्य आणि जमीन दोन्ही वाचणारे लोक लागले.

माळ ‘पडीक’ ठरला की कळपाची वाट बंद होते. त्या निर्णयाच्या फाइलमध्ये जे शब्द असतात, त्यांतले काही आपल्यासारख्यांच्या प्रबंधांतून जातात. म्हणून ‘यांपैकी दुसरा अर्थ अभिप्रेत आहे’ हे वाक्य लिहिण्याआधी पहिला आणि तिसरा अर्थ एकदा तुमच्या मजकुरावर लावून बघा.